विषाच्या दोन कोठड्या



लेवीयाच्या ११ व्या अध्यायांत बहुपाद जीव खाऊं नयेत असें सांगितलें आहे. परंतु त्यांजकडे पाहून कांहीं शिकूं नये, असें कोठेंही सांगितलेलें नाहीं. पावसाळ्यांत बांधावरील पाल्यांत सरपटणारा किडा आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्यास कोणी वाणी म्हणतात, कोणी पैसा. त्याच्याच वर्गांतील, पण चपट्या पाठीच्या एका किड्याविषयीं आज आम्ही बोलणार आहों.

थायलंड देशाच्या उथाई थानी प्रांतांत, चुनखडीच्या डोंगरांत, डेस्मॉक्सायटीस वंशाची एक जात सांपडली. इ. स. २००७ मध्यें शास्त्रज्ञांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. हा किडा सुमारें ३ सेंटिमीटर लांब असून त्याचा रंग झळझळीत गुलाबी आहे. भरदिवसां तो पानांवर व खडकांवर उघडा बसतो. त्याच्याजवळ विष आहे, आणि त्याचा रंगच भक्षकांस इशारा देतो. मौज ही कीं, त्यास डोळे मुळींच नाहींत. स्वतःचा रंग तो कधीं पाहत नाहीं. तो इशारा केवळ दुसऱ्यांसाठीं आहे.

तें विष तयार करून ठेविलेलें नसतें. चपट्या पाठीच्या या किड्यांच्या ग्रंथींत दोन कोठड्या असतात. एकींत एक द्रव, दुसरींत त्याचें रूपांतर करणारा रस. मध्यें बंद दार. जिवावर बेतलें म्हणजेच दार उघडतें, दोन्ही मिसळतात, आणि हायड्रोजन सायनाईड हें जालीम विष कडू बदामाच्या वासासह बाहेर पडतें. एरव्हीं या किड्यांचें नित्याचें काम गळलेला पाला खाऊन त्याची माती करण्याचें.

बंधूंनो, आपल्याही अंतःकरणांत दोन कोठड्या आहेत. एकींत जुना राग, दुसरींत तिखट शब्द. पण आपलें दार जिवावर बेतल्यावांचूनच उघडतें. अभिमानास किंचित् धक्का पुरे होतो. मंडळीच्या एका बैठकींत एका वृद्ध बंधूनें आम्हांस हिशेब विचारिला, तेव्हां आम्ही क्षणभरही न थांबतां टोंचून उत्तर दिलें. किड्यास डोळे नाहींत, आम्हांस आहेत. त्याचा चेहरा उतरलेला आम्हीं पाहिला, तरी बोलणें आवरलें नाहीं. तो तीन रविवार उपासनेस आला नाहीं. अखेर त्याच्या दारीं जाऊन आम्हीं क्षमा मागितली.

या आठवड्यांत कोणी आपणांस डिवचलें, तर उत्तर देण्यापूर्वीं त्या मधल्या दाराची आठवण करावी. तें बंद ठेवण्याचें बळ प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.