साहाय्यक म्हणजे चाकर काय?

विवाहविधीच्या प्रसंगी उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील वचन वाचण्याचा प्रघात आहे. वर ते वचन ऐकून घरी जातो, आणि पुढे एखाद्या व्यवहारात पत्नीने आपले मत सांगितले की तो म्हणतो, “शास्त्राने तुला साहाय्यक म्हटले आहे. तू साहाय्य कर, मसलत देऊ नको.” असले बोलणे आमच्या कानी पुष्कळ वेळा आले आहे. ते शास्त्राला धरून आहे काय? या प्रश्नाचा विचार करण्यास एका जुन्या इंग्रजी शब्दाची हकिकत उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

इंग्रजीत पूर्वी पत्नीला, व क्वचित पतीलाही, ‘हेल्पमीट’ असे म्हणत. हा शब्द आता प्रचारात फारसा नाही. त्याचा उगम याच वचनात आहे. १६११ साली राजा जेम्स याच्या आज्ञेने प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी शास्त्रात ‘हेल्प’ आणि ‘मीट’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘हेल्प’ म्हणजे साहाय्य. आणि ‘मीट’ हे जुने विशेषण असून त्याचा अर्थ योग्य, साजेसे, अनुरूप असा होतो. मुलांची भाकरी घेऊन कुत्र्यांना घालणे योग्य नाही, असे प्रभू कनानी स्त्रीला म्हणाला, तेथेही त्या भाषांतरात ‘योग्य’ या अर्थी हाच शब्द आहे.

पुढे लोकांना या विशेषणाचा विसर पडला, आणि दोन शब्दांचा मिळून एकच शब्द समजण्यात येऊ लागला. १६७३ साली छापलेल्या ड्रायडन कवीच्या एका नाटकात तो जोडशब्द म्हणून आढळतो. अठराव्या शतकात ‘मीट’च्या जागी सोबती या अर्थाचा ‘मेट’ शब्द घालून ‘हेल्पमेट’ असे रूप रूढ झाले. सोबती हा शब्द काही वाईट नव्हे. परंतु ‘अनुरूप’ हा अर्थ मात्र त्या गडबडीत मागे राहिला. १९५२ च्या सुधारलेल्या इंग्रजी भाषांतरात तो सर्वांस कळेल अशा शब्दाने पुन्हा स्पष्ट करावा लागला.

इंग्रजांच्या बोलीत जे घडले तेच आमच्या घरांत घडत आहे. आम्ही ‘साहाय्यक’ तेवढा ठेवला आहे आणि ‘अनुरूप’ टाकून दिला आहे.

आता मूळ इब्री शब्दांकडे पाहू. साहाय्य या अर्थाचा तेथील शब्द ‘एजेर’ हा आहे. जुन्या करारात तो सुमारे एकवीस वेळा आला आहे, आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी साहाय्य करणारा स्वतः देव आहे. मोशेने आपल्या एका पुत्राचे नाव अलियेजर ठेवले. शमुवेलाने धोंडा उभा करून त्यास एबन-एजर म्हटले. दोन्ही नावांत हाच शब्द आहे. देव इस्राएलाचा साहाय्यक आहे, म्हणून तो इस्राएलाचा चाकर आहे, असे कोणी म्हणेल काय? तेव्हा साहाय्य करणारा तेवढ्यावरून हलका ठरत नाही. तसेच, पत्नी पतीची धनीण आहे असेही यावरून सिद्ध होत नाही.

तिचे स्थान दुसरा शब्द दाखवितो. त्याचा अर्थ ‘त्याच्या समोरची, त्याच्या जोडीची’ असा आहे. जो समोर उभा असतो तो मागून चालणारा नव्हे, आणि पायांशी बसणाराही नव्हे. आपल्या कपाळावरचा डाग आपणांस दिसत नाही, समोरच्यास दिसतो. म्हणून मसलत हे साहाय्याहून निराळे काही नसून साहाय्याचाच मोठा भाग आहे.

आमच्या ओळखीचे एक बंधू एका नातलगाच्या कर्जास जामीन राहिले. पत्नीने ‘सही करू नका’ असे विनविले असता त्यांनी तिला गप्प बसविले. अखेर तिच्याच गळ्यातील सोने विकून ते कर्ज फेडावे लागले. त्या दिवशी तिचे साहाय्य त्यांनी घेतले खरे. परंतु जे साहाय्य फुकट मिळत होते ते नाकारून, जे महाग पडले ते घेतले.

कोणी म्हणेल, ‘पती पत्नीचे मस्तक आहे, असे प्रेषिताने लिहिले आहे.’ होय, पण ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःस अर्पण केले तशी प्रीती करा, अशी आज्ञाही त्याने तेथेच पतींना केली आहे. जो स्वतःस देऊन टाकतो तो दुसऱ्याचे तोंड कसे बंद करील?

इंग्रजांचा शब्द जुना झाला, म्हणून त्याचा अर्थ त्यांच्या हातून निसटला. आमच्या भाषेतील ‘अनुरूप’ हा शब्द मात्र आजही सर्वांस समजतो. तेव्हा, बंधूंनो, शब्द कळला नाही ही सबब आपल्याला नाही.