राजीखुशीने

हक्कसोड पत्राच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. हे पत्र मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणाला बळी न पडता लिहून दिले असे. तालुक्याच्या गावी वकिली करताना हे वाक्य मी किती वेळा टाइप करून घेतलं, त्याची मोजदाद नाही. नमुना संगणकात तयारच असतो. नावं, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा तेवढ्या बदलायच्या. लिहून देणार बहीण, लिहून घेणार भाऊ. भावाने बहिणीच्या नावे हक्क सोडल्याचे दस्त माझ्या हातून आजवर दोन झाले. त्यातला एक भाऊ संन्यासी होता.

प्रसंग बहुतेक ठिकाणी सारखाच. वडील जातात, तेरावं होतं. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज जातो, फेरफार पडतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि सातबाऱ्यावर आई, भाऊ, बहिणी अशी सगळ्यांची नावं लागतात. मग भाऊ माझ्याकडे येतो. तो 'हक्क' हा शब्द वापरत नाही. तो म्हणतो, "मॅडम, बहिणींची नावं कमी करायची आहेत."

बहिणी येतात तेव्हा त्यांचे प्रश्नही ठरलेले. पहिला, मुलींना हक्क २००५ नंतरच ना? माझं लग्न तर ८९ सालचं. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की उत्तर इथेच लिहून टाकते. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर, हिंदू मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. वाद होता तो वडिलोपार्जित मिळकतीचा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये त्यातही मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ती अट काढली, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याचीही गरज नाही. आधीच रीतसर वाटप होऊन गेलं असेल तर गोष्ट वेगळी. दुसरा प्रश्न, मी तलाठ्यापुढे 'मला काही नको' असा जबाब दिला होता, मग हक्क गेला का? गेला नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. सातबारा हे महसुलाचं दप्तर आहे. नुसतं त्यावरचं नाव उडाल्याने मालकी उडत नाही.

तिसरा प्रश्न मात्र कुठल्याच कलमात बसत नाही. तो हळू आवाजात येतो, भाऊ झेरॉक्स काढायला बाहेर गेला की. "सही नाही केली तर काय होईल?" तिला कायद्याने काय होईल ते नको असतं. कायद्याने काहीच होणार नाही, हे तिलाही कळतं. ती विचारत असते ते दिवाळीचं.

राजीखुशी या शब्दाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या प्रश्नापासून सुरू होतं. १८७२ च्या करार कायद्यात एक विलक्षण कलम आहे. मोबदल्याशिवाय केलेला करार एरवी रद्द ठरतो. पण जवळच्या नात्यातल्या माणसांनी नैसर्गिक प्रेम आणि मायेपोटी केलेला, लेखी आणि नोंदणीकृत असलेला करार चालतो. एरवी रुक्ष असलेल्या कायद्याने इथे प्रेमाला मोबदल्याच्या जागी बसवलं आहे. माझ्यासमोर सही करणाऱ्या बहुतेक बायकांच्या मनात ते प्रेम खरोखर असतं. सगळ्या बहिणी बिचाऱ्या आणि सगळे भाऊ लबाड, असं चित्र मी रंगवणार नाही. ते खोटं आहे. पण प्रेम असणं आणि नाही म्हणायची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दान हे दान तेव्हाच, जेव्हा ती वस्तू आपल्याकडे ठेवून घेणंही शक्य असतं. आणि ठेवून घेण्याची किंमत माहेर असेल तर?

कायद्याला हे अगदीच कळत नाही असं नाही. १९५६ च्या कायद्यात २३ वं कलम होतं, ते २००५ मध्ये वगळलं गेलं. कुटुंबाच्या राहत्या घराचं वाटप मुलीने मागायचं नाही, भाऊ आपसात वाटणी करतील तेव्हाच तिला तिचा वाटा, असं ते सांगायचं. त्या घरात राहण्याचा हक्क मात्र मुलीला होता. कोणत्या? अविवाहित, नवऱ्याने टाकलेल्या, नवऱ्यापासून विभक्त झालेल्या किंवा विधवा. म्हणजे माहेरचं दार कायद्याने उघडायचं तर आधी संसार मोडायला हवा. कलम गेलं, पण समजूत तशीच राहिली आहे. सुखाने नांदणाऱ्या मुलीचा माहेरावर हक्क नसतो, तिचा तिथे मान असतो. आणि मान कोणीतरी द्यायचा असतो, म्हणून तो काढूनही घेता येतो.

भावांची बाजू ऐकल्याशिवाय हे लिहिणं बरोबर नाही. लग्नात दिलं की, हा पहिला मुद्दा. तो मला पटत नाही. जे दिलं ते बहुतेक तिच्या हाती लागलेलंच नसतं. सासरच्यांनी घेतलेलं असतं, मांडववाल्याने आणि आचाऱ्याने घेतलेलं असतं. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची पावती वाटपात जमा धरायची, हा हिशेब अजबच.

दुसरा मुद्दा खरा आहे. जमीन त्याने कसली. विहिरीचं कर्ज त्याने फेडलं. बापाचं पक्षाघातानंतरचं दुखणं त्याने, आणि खरं तर त्याच्या बायकोने, वर्षानुवर्षं काढलं. समान वाटा म्हणजे या कष्टांना शून्य किंमत. वारसा कायदा नातं मोजतो, सेवा मोजत नाही. तसा भाऊ समोर बसला की माझ्याकडे तयार उत्तर नसतं.

पण मग एक गोष्ट आठवते. याच घरांतून एखादा भाऊ पंचवीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेलेला असतो. त्याच्या शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा विकलेला असतो. बापाच्या दुखण्यात तो एकदा येऊन गेलेला असतो. परदेशी राहणाऱ्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळते, हे त्याने आधीच विचारून घेतलेलं असतं. त्याचं कुलमुखत्यारपत्र वकिलातीतून साक्षांकित होऊन येतं आणि त्याचा वाटा शाबूत राहतो. 'तुझं शिक्षण झालं, आता नाव कमी कर' असं त्याला म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. तीस किलोमीटरवर दिलेली बहीण, जी दर पंधरवड्याला एसटीने येऊन आईचे पाय चेपून जायची, तिला मात्र सेवेचा दाखला मागितला जातो. सेवा हा मुद्दा खरा असता, तर तो दोघांनाही लागला असता.

आणि सेवेची किंमत करायची सोय कायद्यात आहे. ती बापाच्या हातात आहे. हिंदू माणसाला आपली स्वकष्टार्जित मिळकत आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने हव्या त्याला देता येतो. ज्याने सांभाळलं त्याला जास्त, असं लिहून ठेवायला कोणी अडवलेलं नाही. तरी फार थोडे बाप लिहितात. मरणाचा विषय नको, हे एक कारण. पण दुसरंही असावं, असं मला वाटत आलं आहे. 'माझ्या मुलींना काही नाही' हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिणं कठीण असतं. न लिहिता गेलं की ते काम मुलीवर येतं. तिने स्वतःच स्वतःला वगळायचं, तेही राजीखुशीने. बापाने न घेतलेल्या निर्णयावर मुलीची सही होते, आणि बाप सर्वांना समान लेखणारा म्हणून फोटोत जातो.

मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा म्हणतो की नुसती वारस होण्याची आशा हस्तांतरित करता येत नाही. जे अजून मिळालेलंच नाही ते देणार कसं? साधं तर्कशास्त्र आहे. माझ्यासमोरच्या कित्येकींना मात्र आपला वाटा किती, हे ज्या बैठकीत पहिल्यांदा कळतं त्याच बैठकीत तो सोडायचा असतो. पाऊण तासाच्या मालकिणी. म्हणून गेली काही वर्षं मी एक नियम पाळते. सही करणाऱ्या बाईशी भावाला बाहेर बसवून बोलायचं, तिचा हिस्सा किती गुंठे येतो ते सांगायचं आणि आजचा बाजारभाव सांगायचा. फसवणूक किंवा दबाव होता म्हणून दस्त रद्द करायचा दावा साधारण तीन वर्षांत आणावा लागतो, हेही सांगायचं.

यावर एक बाई माझ्यावर चिडल्या होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, घरातल्या थोरल्या. जमीन हायवेलगत, त्यामुळे आकडा मोठा होता. तो ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे मला कशाला सांगितलंत? दहा मिनिटांमागं मी भावाला देत होते. आता मी सोडतेय."

त्यांनी सही केली. फी देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

देणं आणि सोडणं यातलं अंतर मला कोणत्या निकालपत्रात इतकं नेमकं सापडलेलं नाही. तरी मी सांगायचं थांबवलं नाही. न सांगता घेतलेली सही ही रिवाजाची सही असते, तिच्यात त्या बाईचं स्वतःचं काही नसतं. पण त्यांच्या रागाने एक कळलं. राजीखुशी आहे की नाही हे आपण सतत देणारीच्या मनात शोधतो. दुय्यम निबंधक तिलाच विचारतात, मीही तिलाच एकटीला बसवते. तिच्या मनात तर सगळंच असतं. माया, भीती, सवय, भावजयीबद्दलची थोडी अढी, मेलेल्या बापाची लाज. यातून शुद्ध खुशी गाळून काढणं कोणाला जमणार? तिला नाही म्हणता येईल की नाही हे तिच्यावर अवलंबूनच नाही. ते घेणाऱ्यावर आहे. 'नाही' ऐकून घ्यायची त्याची तयारी असेल, तरच तिच्या 'हो'ला अर्थ आहे.

कायदा समान झाला की हे आपोआप सुटतं, असंही नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे मुलगा-मुलगी वारसाहक्कात समान आहेत, आणि निम्मी मालमत्ता मृत्युपत्रानेही मुलांपासून काढून घेता येत नाही. आपल्याकडच्या बापाइतकी मोकळीक तिथल्या बापाला नाही. तरी हक्क सोडल्याचे दस्त तिथेही होतात. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलाच्या मसुद्यात राव समितीने मुलीला देऊ केलेला अर्धा वाटा पूर्ण केला, आणि ते बिल रखडलं म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. एवढं करून मिळालेली गोष्ट नाममात्र मुद्रांकावर परत जाते, आणि कायदेशीरपणे जाते.

आता मी भावांनाही एक प्रश्न विचारते. बहीण नाही म्हणाली, तर भाऊबीजेला जाल का? काही जण हसतात. एकजण रागावून दुसऱ्या वकिलाकडे गेला, तिथे त्याचं काम तासाभरात झालं असणार. एकजण प्रामाणिकपणे म्हणाला, "मी जाईन, पण घरात चालणार नाही." हे उत्तर कोणत्या रकान्यात टाकायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात दोघं आले होते, भाऊ साधारण चाळिशीचा, बहीण थोडी मोठी. तिचं म्हणणं सरळ होतं. तिला वाटप नको, पैसे नकोत, पीकही नको, जमीन त्यानेच कसावी. फक्त सातबाऱ्यावरचं नाव राहू द्यावं. भाऊ वाईट नव्हता, त्याची अडचण व्यवहाराची होती. नाव राहिलं की पीककर्जाला दरवेळी तिची संमती लागणार, उद्या पाइपलाइन टाकायची तरी सही लागणार. "नुसत्या नावाचं तू करणार काय?" त्याने विचारलं.

"तू सही मागायला येशील ना वर्षाला," ती म्हणाली.

तो काही बोलला नाही. विचार करून कळवतो म्हणाला आणि कच्चा मसुदा टेबलावरच ठेवून गेला. सध्या फेरफारात चौघांचीही नावं आहेत.