अबोलीचा हिवाळा

एखाद्या जिवाला त्याच्या हवेतून उचलून आपल्या हवेत आणले, तर त्याचे आपण काय देणे लागतो? हा प्रश्न मला एका कुंडीपाशी पडला. चंडीगढला लागून असलेल्या मोहालीत, ८१ व्या सेक्टरातील नॉलेज सिटीत आमचे बिऱ्हाड आहे. तीन वर्षांपूर्वी कुडाळहून परतताना आईने अबोलीची दोन रोपे ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. बागकामाचा मला गंधही नव्हता. तरी पावसाळाभर ती फुलली, आणि घरचे परसदार आपल्या पाठोपाठ येथवर चालत आले असे मला वाटू लागले.

मग पौष आला. येथला पौष सांगून कळायचा नाही. रात्री पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो आणि धुके असे बसते की लागोपाठ कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. अबोली दक्षिणेकडील. हिम पडण्याची वाट ती पाहत नाही. दहा अंशांच्या खालीच तिची वाढ खुंटते आणि गारठलेल्या मुळांना पाणी ओढवेनासे होते. माती ओली, पण पाने मलूल. मी त्या मलूल पानांत तहान वाचली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. एक रोप मुळाशी कुजून गेले. ते थंडीने गेले, असे मी आईला फोनवर सांगितले. खरे पाहता ते माझ्या मायेने गेले होते.

आत्मौपम्य हा आपल्याकडे नीतीचा पाया मानला जातो. आपल्याला जे हवेसे वाटते तेच दुसऱ्यालाही हवे असणार, असे समजून वागावे. माणसामाणसांत ही दृष्टी पुष्कळ उपयोगी पडते, हे मी नाकारीत नाही. पण अबोलीपुढे तिचा मला काहीच उपयोग झाला नाही. मला थंडीत ऊब हवी म्हणून मी कुंडी हीटरजवळ नेली, तर कोरड्या हवेने कळ्या गळाल्या; ऊन खुपेल म्हणून कोपऱ्यात ठेवली, तर उरलीसुरली पाने पिवळी पडली. तिला हवी होती ती दक्षिणेकडची खिडकी, जेथे हिवाळ्यातला कललेला सूर्य आतवर येतो. खताचा पूर्ण उपास. आणि वरची माती सुकेपर्यंत पाणी न घालण्याचा माझा संयम. तिची मागणी जवळजवळ सारी नकाराची होती. काही न करणे हेही कर्तव्य असू शकते, हे नवशिक्याच्या मनाला फार जड जाते. त्याला आपल्या प्रेमाचा पुरावा हवा असतो.

परक्या मातीत झाड लावणे हाच मुळात अपराध, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. चंडीगढच्या वृक्षराजीची आखणी करण्यात ज्या डॉ. मोहिंदरसिंग रंधावांचा मोठा वाटा होता, ते स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होते. या शहरात फुलणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. तरी त्यांना कोणी उपरे म्हणत नाही. तेथे आधी विचार होता, मग लागवड. माझ्याकडे आधी आठवण होती आणि विचार रोप मेल्यावर आला.

येथे मराठी मंडळी जमली आणि रुजण्याचा विषय निघाला, की कोणी ना कोणी घुमानच्या नामदेवांचे नाव घेतेच. उपमा गोड आहे, पण ती मला येथे अपुरी वाटते. परंपरा सांगते की नामदेव पंजाबात आले आणि राहिले. ते आपल्या पायांनी आले. मीही नोकरीसाठी आलो, स्वखुशीने. अबोलीला कोणी विचारले नव्हते. ज्याने स्वतः निवड केली त्याचे हाल त्याचे असतात. ज्याच्या वतीने निवड झाली त्याचे हाल निवडणाऱ्याच्या खात्यात जमा होतात.

गेल्या मार्गशीर्षात आमच्याकडे येणाऱ्या माळीबाबांनी शहाणपणाचा सल्ला दिला. “बी धरून ठेवा साहेब, झाड जाऊ द्या. थंडी सरली की पेरा.” थंड देशांतले कित्येक बागवान असेच करतात; बारमाही झाडाला एका हंगामाचे मानतात. अबोलीला तर हे सहज साधते. सुकलेल्या बोंडाला पाणी लागले की ते तडकन फुटते आणि बी उडते. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. बी राखले तर अबोली राहील. पण ही अबोली, आईने दिलेली, एक पौष माझ्या अडाणीपणासकट सोसलेली, ती राहणार नाही. जातीची काळजी आणि जिवाची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी करताना आपण बहुधा तोट्यात असतो. मी दोन्ही केले: बी कागदात बांधून ठेवले, आणि कुंडी खिडकीत आणली. यात थोडा भित्रेपणा आहे, हे मला कबूल आहे.

आज लोहडी. बाहेर धुके आहे. अबोलीला चारच पाने उरली आहेत, तीही खाली वळलेली; पण खोडाची साल नखाने किंचित खरवडली तर आत हिरवे दिसते. होळीच्या सुमारास तिला बाहेर काढायची, तीही आधी सावलीत, मग हळूहळू उन्हात. सकाळी पाण्याचे भांडे घेऊन खिडकीपाशी गेलो. मातीत बोट घालून पाहिले, ती अजून ओली होती. भांडे तसेच भरलेले स्वयंपाकघरात ठेवून आलो.