जिना



माझी आई शाळेत खिचडी शिजवते. शाळा कोळवणच्या खोऱ्यातली. नाव लिहीत नाही, कारण सवाल एका शाळेचा नाही. मी भाताच्या गिरणीत पोती वाहतो, रात्री कविता लिहितो. मागं एका अभ्यासवर्गात कुणीतरी विचारलं, तुझी आई काय करते? मी म्हणालो, शाळेत असते. त्याला वाटलं, बाई आहेत, शिकवत असतील. मी त्याला तसंच वाटू दिलं.

त्या रात्री झोप आली नाही. मला लाज कशाची वाटली? खिचडीची? तीच खाऊन तर वाढलो. मग कामाची की त्या कामाला लावलेल्या किमतीची?

आपलेच कार्यकर्ते म्हणतात, झारा टाका, झाडू टाका, बाबासाहेबांनी हलकी कामं सोडायला सांगितलंय. या कामाला जास्त पगार मागणं म्हणजे बेडीला सोन्याचा मुलामा देणं. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जन्मानं गळ्यात मारलेली महारकी टाकली म्हणून तर आपण माणसात आलो. पण पोरांना जेवू घालणं, वर्ग झाडणं, घंटा देणं ही कामं कुणीतरी करणारच. ती हलकी कुणी ठरवली?

सातारच्या शाळेत लहान भीमरावांना नळाला हात लावायची बंदी होती. शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला की दिवसभर तहान. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. समता फळ्यावर लिहितात, पण तिची परीक्षा नळापाशी आणि पातेल्यापाशी होते. म्हणूनच 20 एप्रिल 2004 ला सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला, की शाळेतल्या जेवणासाठी स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलितांना, अनुसूचित जाती-जमातींना आधी घ्या. आपल्या हातचं सगळ्या गावाच्या पोरांनी खावं! केवढी मोठी गोष्ट. पण त्या हातावर पडतं काय? केंद्रानं 2009 साली महिना 1000 रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. आपल्या राज्यानं 2023 साली ते वाढवून 2500 केले. याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यात मान बी नाही न् धन बी नाही. आई म्हनते, "उन्हाळ्यात प्वाट बी सुट्टीवर जातं का रं?"

शिकवण्याचंही तेच. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवून 23 लेकरं मेली. तेलात कीटकनाशक होतं. तेल बरं दिसत नाही असं स्वयंपाकीण बोलली होती, तरी त्यातच कर म्हणून सांगितलं गेलं, असं तेव्हा बातम्यांत आलं. तिला दिसलं होतं, पण तिच्या शब्दाला वजन नव्हतं. रीतसर शिक्षण, हुद्दा आणि "हे मी शिजवणार नाही" म्हणायचा अधिकार तिला असता तर? हलकं काम म्हणतात त्यावर लेकरांचा जीव टांगलेला असतो, दोस्तहो.

आता शिपायाचं बघा. शिपाई म्हणून लागलेला माणूस पुढं नाईक व्हायचा, प्रयोगशाळेत जायचा, शिकला तर क्लार्क व्हायचा. जिना लहान होता, पण होता. जागेला आरक्षण होतं. 11 डिसेंबर 2020 ला राज्य सरकारनं निर्णय काढला, की अनुदानित शाळेतला शिपाई निवृत्त झाला की ती जागा संपली. तिच्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता, खेड्यात महिना 5000. भत्त्याला बढती नसते, पेन्शन नसते, बिंदुनामावली नसते. नोकरी गेली, झाडू तेवढा राहिला.

1920 साली मूकनायकाच्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी या समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. मजले आहेत, जिना नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नव्हते. तिथं तुटलेला धागा थुंकी लावून जोडायचा, त्याचा विटाळ व्हायचा म्हणे. आणि जास्त मजुरी त्याच खात्यात! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल पुढं आणला. माझा आजा पुढं अनेक वर्षांनी तिथंच रिंग खात्यात बदली कामगार होता. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी आला नाही तर काम. आज भत्त्यावरचा शिपाई बघितला की मला आजा दिसतो.

म्हणून माझं म्हणणं असं. काम सोडणं ही मुक्तीची अर्धीच वाट. आईनं झारा टाकला तर उद्या तो डोंगरावरच्या कातकरी बाईच्या हातात जाईल. 2500 तेच, चूल तीच. मी वर चढलो आणि माझ्या जागी तिला ढकललं, याला मुक्ती म्हणायचं? जाती असंच तर करतात, प्रत्येकाला पाय ठेवायला खाली एक माणूस देतात. ज्या कामाला पुरता पगार आहे, शिक्षण आहे आणि वर जायला वाट आहे ते काम जात होत नाही. जिथं वाट बंद, तिथं जात सुरू. तेव्हा ज्याला सोडायचं त्यानं सोडावं, आणि जो करतो त्याच्यासाठी बारा महिन्यांचा पगार, रीतसर शिक्षण आणि बढतीची जागा आपणच मागायची. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी नाहीत.

पुढच्या अभ्यासवर्गात मला पुन्हा विचारा, आई काय करते. मी सगळ्यांसमोर सांगीन, शाळेत खिचडी शिजवते. मग मीही तुम्हाला विचारीन, तिच्यासाठी आपण काय करतो?

जय भीम.