चिंधीत बांधलेलं सोनं



भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या वसाहतीत एखाद्या घरी निवृत्तीचा महिना आला, की निरोप समारंभाची गडबड आणि क्वार्टर रिकामं करायची घाई बरोबरच सुरू होते. अर्धं आयुष्य त्या एका घरात गेलेलं असतं. माळ्यावरून जुना कूलर उतरतो. गंजलेली पेटी, बंद पडलेला मिक्सर, मुलांची दहावीची पुस्तकं, गोळे झालेल्या गाद्या, सगळं अंगणात येतं. भुसावळला किंवा वरणगावला घेतलेलं नवं घर लहान, तिथे एवढं नेणार कुठे? मग भंगारवाल्याला हाक जाते, रद्दीवाला काटा लावतो, कपड्यांचं गाठोडं बोहारणीसमोर पडतं आणि स्टीलच्या पातेल्यावरून घासाघीस होते. घर मोकळं झालं म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात. आणि मग आजी हळूच विचारते, "त्या गादीखालची पिशवी कोणी काढून ठेवली का रे?"

तुमच्या-माझ्या ओळखीत असं एक तरी घर असतंच.

आपल्या घरांमध्ये मोलाची वस्तू ठेवण्याची रीतच मुळी अशी आहे. सोनं मखमलीच्या डबीत राहत नाही. तुटलेली नथ, मंगळसूत्राच्या सुट्या वाट्या, बाळाचं वाळं हे आधी वर्तमानपत्राच्या कपट्यात जातं, मग जुन्या रुमालात. त्यावर हळदीचे डाग पडलेली चिंधी, तिला सुतळीची गाठ, आणि ते गाठोडं तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी, नाहीतर गोधडीच्या उसवलेल्या अस्तरात. चोराने हातात घेतलं तरी कचरा समजून फेकून द्यावं, असा त्यामागचा विचार. विचार चोखच आहे. पण घरातली सून किंवा नातवंडं जेव्हा तेच गाठोडं हातात घेतात, तेव्हा त्यांनाही तो कचराच वाटतो. वस्तू जितकी हुशारीने लपवलेली, तितकी ती घरच्यांच्याच हातून बाहेर जाण्याची भीती जास्त. चोर बाहेरचा असतो, त्याच्यासाठी आपण कुलूप लावतो. दिवाळीच्या आवराआवरीला मात्र कुठलंच कुलूप पुरत नाही.

२०२० च्या दिवाळीतली गोष्ट. पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे सौदागरला साफसफाई करताना एका बाईंनी जुनी पर्स घंटागाडीत टाकली. पर्समध्ये दागिने होते, हे लक्षात येईपर्यंत गाडी मोशीच्या कचरा डेपोवर पोहोचली होती. महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांनी कित्येक टन कचरा उपसून ती पर्स शोधली आणि जशीच्या तशी परत केली. ज्यांच्या हातात आपण रोज नाक मुरडून पिशवी देतो, ती माणसं हातमोजे घालून आपलं मंगळसूत्र शोधतात, याचं मला फार अप्रूप आहे. पण सगळ्यांनाच असं नशीब लाभत नाही. इस्राएलमधल्या तेल अवीव शहरात २००९ साली एका मुलीने आईला अचानक आनंद द्यावा म्हणून नवी गादी आणली आणि जुनी टाकून दिली. जुन्या गादीत आईने जन्मभराची पुंजी ठेवली होती, जवळपास दहा लाख डॉलर. कचऱ्याचे डोंगर धुंडाळले, गादी काही मिळाली नाही. त्या मुलीचं चुकलं तरी काय? तिने तर प्रेमानेच केलं होतं. आणि आईनेही प्रेमानेच साठवलं होतं.

अशा वेळी घरात आजीवर सगळे चिडतात. "सांगता येत नव्हतं का आधी?" हा प्रश्न मला बोचतो. ती का सांगत नव्हती, हे आपण कधी विचारलं का? बाईच्या हातात आलेला पैसा घरात कुणाच्याही कामाला पहिला जातो. दिराची फी, बियाणं, नणंदेचं बाळंतपण, नवऱ्याची उधारी. तिने भाजीच्या पैशातून वाचवलेली शंभराची नोट उघड्यावर ठेवली, तर ती संध्याकाळपर्यंत तिची राहत नाही. हिंदू वारसा कायद्याने १९५६ साली बाईला तिच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क दिला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, २००५ साली तो देशभर लागू झाला. कागदावर हे सारं आहे. पण डाळीच्या डब्याइतकी खात्रीची जागा तिला घरात दुसरी कुठली मिळाली नाही, म्हणून ती लपवते. त्या पिशवीची थट्टा करू नये, असं मला मनापासून वाटतं.

या डब्यांवर काळसुद्धा झडप घालतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा किती आयाबायांना नाइलाजाने नवऱ्यासमोर डबे उपडे करावे लागले! बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबरपर्यंत होती. त्यानंतर पोथीच्या पानांत, लुगड्याच्या घडीत सापडल्या त्या नोटा नुसता कागद झाल्या. तसंच इंदिरा विकास पत्रांचं. १९८६ साली निघालेली ही पत्रं पोस्टात मिळत, आणि त्यांच्यावर घेणाऱ्याचं नावच नसे. ज्याच्या हाती पत्र, पैसे त्याचे. रद्दीत गेलं तर दुसरी प्रत नाही. बँकेतल्या ठेवीचं मात्र वेगळं आहे. पासबुक हरवलं तरी पैसे हरवत नाहीत. दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जमा होतात, आणि त्यानंतरही त्या वारसाला मिळतात. २०२३ सालापासून 'उद्गम' या संकेतस्थळावर माणसाचं नाव घालून अशा ठेवी शोधता येतात. घरातलं कुणी वारलं असेल, तर एकदा शोधून पाहाच.

दागिन्यांइतकीच मोलाची आणखी एक वस्तू घरांमधून गेली, ती म्हणजे कागद. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या वाड्यांत मोडी लिपीतली दप्तरं रुमालात बांधून ठेवलेली असत. भाऊबंदांनी वतनावर हक्क सांगू नये, सरकारने इनाम काढून घेऊ नये, या धास्तीने ती कुणाला दाखवत नसत. लपवणाऱ्याला त्यांची किंमत ठाऊक होती. पुढे मोडी वाचणारी पिढी सरली, आणि नातवांच्या दृष्टीने ती वाळवी लागलेली रद्दी उरली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे कागद मिळवण्यासाठी महाराष्ट्रभर पायपीट करत फिरले. लोक संशयाने बघत, दार लावून घेत, तरी ते पुन्हा जात. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रं होती. ती पत्रं ज्या घरात होती त्याने तो रुमाल बंबात घातला असता, तर पानिपताविषयी आपल्याला किती कमी कळलं असतं! राजवाड्यांचा शेवट आपल्या खानदेशातच झाला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे. धुळ्याच्याच शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून गोळा केलेली रामदासी बाडं समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहेत. पोरांना धुळ्याला नेऊन हे एकदा दाखवा.

आणि कागदावरही न उतरलेल्या धनाची गोष्ट म्हणजे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर बसली, शेतात वाकली, की गाणं ओठावर येई आणि काम संपलं की वाऱ्यावर जाई. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने त्यातली काही टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही संकोचत आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. अत्र्यांनी पाहताक्षणी ओळखलं, हे सोनं आहे, आणि ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे. १९५२ साली पुस्तक निघालं. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

सोपानदेव स्वतः कवी होते, तरी त्यांनाही आपल्या घरात काय आहे याची पुरती कल्पना यायला आईचं जाणं घडावं लागलं. आईजवळ बसून, ऐकून, त्यांनी लिहून घेतलं होतं म्हणून तेवढं उरलं. बहिणाबाईंची जी गाणी कुणी टिपली नाहीत, ती कशी होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही.