माळ्यावरचं खेळणं

दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला घर जरा थांबतं. बाळाची अंघोळ, धुरी, दूध, ढेकर सगळं उरकलेलं असतं. थोरली बालवाडीतून आलेली असते, वरणभात खाऊन चटईवर लोळत असते. हे मनन त्या वेळेसाठी आहे. बाळाजवळ जमिनीवर बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. थोडा वेळ काहीही आवरायचं नाही. घरात कोण कोण आहे आणि त्यातलं कोण कशाशी खेळतं, एवढंच एकेक करून मनापुढे आणायचं.

धाकट्यापासून सुरुवात करू.

बाळाचा हात बघा. मूठ मिटलेली असेल, अंगठा कदाचित आत दुमडलेला असेल. आपलं बोट हळूच त्याच्या तळव्याला लावा. ते धरतं. ही पकड उपजत असते, त्याने ठरवून धरलेलं नसतं. पाच-सहा महिन्यांपर्यंत ती ओसरते आणि त्याच सुमाराला मनाने धरणं सुरू होतं. हे ठाऊक असूनही बोट धरलं गेलं की पोटात काहीतरी हलतं. हलू द्या. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्यावरचं. पाळण्यावर आपण हौसेने टांगलेल्या रंगीत चिमण्यांचा त्याला अजून पत्ता नसतो.

पण दोन-तीन महिन्यांचं झालं की ते एक दिवस स्वतःचाच हात डोळ्यांसमोर धरून बघू लागतं. हात वळतो, थांबतो, नजरेआड जातो, पुन्हा येतो. बाळ टक लावून पाहत राहतं. हे माणसाचं पहिलं खेळणं, आणि ते कुणी विकत आणलेलं नसतं. त्या पाहण्यात घाई नसते, ते कुणाला दाखवायचं नसतं, त्यातून काही मिळवायचं नसतं. तुमच्या बाळाचे ते दिवस अजून यायचे असतील तर वाट पाहा, होऊन गेले असतील तर आठवा. माझ्या लेखी खेळ म्हणजे मुळात हेच: एका गोष्टीपाशी पूर्णपणे असणं.

आता नजर थोरलीकडे वळवा. चार वर्षांची धरू.

गेल्या महिन्यापर्यंत ती या घरातली सर्वांत लहान होती. आई दवाखान्यातून बाळाला घेऊन आली आणि त्या एका दुपारीत ती मोठी झाली. कुणी दुष्टपणा केला नाही. जो तो प्रेमानेच म्हणाला, ‘आता तू ताई झालीस ना, मग शहाण्यासारखं वागायचं.’ शहाण्यासारखं म्हणजे हळू बोलायचं, सोफ्यावरून उडी मारायची नाही, ठोकळ्यांचा मनोरा धाडकन पाडायचा नाही, आई पाजायला बसली की तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं नाही. चार वर्षांच्या मुलीचे बहुतेक खेळ या यादीत संपतात.

सकाळपासून तिला किती वेळा ‘शूऽऽ’ म्हटलं गेलं ते आठवा. मोजू नका, नुसते ते आवाज पुन्हा ऐका. अपराधी वाटून घ्यायचीही गरज नाही, त्यात तिचा काही फायदा नाही.

तिच्या हातात काय आहे ते बघा. बाळाच्या कपड्यांच्या चळतीतून तिने आपलं जुनं दुपटं ओढून काढलंय. आजीच्या मऊसूत नऊवारीचं, एका कोपऱ्याला टाके उसवलेलं. तोच कोपरा तिला लागतो. तो ती बोटांत धरून चोळते, मग नाकाशी नेते आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात जातो. दोन वर्षांपूर्वी सुटलेली ही सवय परत आली म्हणून आई काळजीत आहे. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९५३ मध्ये छापून आलेल्या एका निबंधात त्यांनी नेमक्या अशा वस्तूंविषयी लिहिलं आहे. पांघरुणाचा कोपरा, कापडाचा तुकडा, मऊ बाहुली. आई नसताना मूल जिच्या आधाराने तग धरतं, अशी ही पहिली ‘माझी’ वस्तू. ती धुवायला टाकू नये, टर उडवू नये, मुलाच्या हातून काढून घेऊ नये. विनिकॉट यांचं म्हणणं तिथेच संपत नाही. मुलाच्या मनात या वस्तूभोवती जी जागा तयार होते तिथेच पुढे खेळ वाढतो, आणि मोठेपणी कला आणि छंद त्याच जागेत राहतात, असं त्यांनी मांडलं. म्हणजे ते दुपटं आणि बाबाचा माळ्यावरचा खोका एकाच गावचे आहेत.

तर आता माळ्याकडे बघा.

बहुतेक घरांत असा एक खोका असतो. कुणाचा कॅमेरा आणि भिंगं, कुणाचा पतंगांचा मांजा, कुणाची रिमोटवर उडणारी विमानं. इथे रेल्वे धरू, एचओ मापाची: खरी गाडी ८७ पट लहान केली तर होईल तेवढी. दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर. फलाटावरचा हमाल जेमतेम २ सेंटिमीटर उंच. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी छंदापायी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मुलांना दाखवायला म्हणून आलेली मोठी माणसं तिथे मुलांहून जास्त वाकून बघत असतात. असाच कुणी बाबा लग्नाआधी एकेक डबा जमवत गेलेला असतो. थोरली झाली तेव्हा रुळांची मांडणी टेबलावरून पलंगाखाली गेली. धाकटं येणार म्हटल्यावर ती खोक्यात भरून, चिकटपट्टी लावून माळ्यावर गेली. ‘आता कसले खेळ, दोन पोरांचा बाप झालास,’ असं कुणीतरी म्हणालंही असेल.

बाबाची ही गोष्ट निदान बोलली तरी जाते. आईची बोलली जात नाही.

तिची दुर्बीण आठवा. सत्तर मिलिमीटरची, तिपाईसकट, कपाटामागे उभी. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. मुंबईकडची माणसं अमावास्येच्या आसपास वांगणीला रात्र जागवायला जातात. त्या जागणाऱ्यांत ती असायची. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र अशा लहान दुर्बिणीतून शहराच्या उजेडातही दिसतात. शनीची कडी दिसते. आता ती रोजच रात्री जागी असते. बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, त्यामुळे पहाटे तीनचं आकाश तिच्या खिडकीबाहेर असतंच, फक्त दुर्बीण कपाटामागे असते. तिने क्रोशाची सुई हातात घेतली असती तर घराला चाललं असतं, बाळाला कुंची झाली असती. ज्यातून घराला काहीच मिळत नाही असा बाईचा खेळ सगळ्यांत आधी बंद होतो आणि सगळ्यांत शेवटी सुरू होतो, बऱ्याचदा होतच नाही. हे बदलायला हवं, आणि ते तिच्या एकटीच्याने बदलणार नाही.

जरा थांबा. श्वास येऊ-जाऊ द्या.

बारशाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. बाळाच्या आधी पाळण्यात कोण गेलं होतं? वरवंटा. त्याला टोपडं-कुंची घातली, गोप्या म्हटलं, पाळण्याखालून-वरून एकीने दुसरीकडे दिला-घेतला. सत्तरीच्या आजीपासून नुकत्याच लग्न झालेल्या काकूपर्यंत साऱ्या बायका एका दगडाला बाळ मानून हसत होत्या. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि लगेच तिच्या पाठीत बुक्के पडले. कुणालाही वय आठवलं नाही. गौरींना साडी नेसवताना हेच होतं. दिवाळीत मुलांच्या किल्ल्यासाठी माती कालवायला बसलेला मामा अंधार पडला तरी उठत नाही, बुरुजाचा उतार पुनःपुन्हा सारखा करत राहतो. आपल्या घरांना मोठ्यांचा खेळ परका नाही. सणासुदीला आपण तो उघडपणे खेळतो, रोजच्या दिवशी मात्र लपवतो.

आता तिघांना एकत्र बघा. थोरलीला ‘मोठी झालीस’ म्हणून खेळ आवरायला सांगितला. आईबाबांनी ‘आपण आता मोठे’ म्हणून खेळ आवरला. एकाच सुमाराला, एकाच कारणाने. मुलीला यातून काय कळत असेल? मोठं होणं म्हणजे खेळ संपणं. तिला हे कुणी सांगितलेलं नाही, ती ते रोज बघते आहे. घरात नवं बाळ आलं की पहिल्या मुलाला वेळ द्या, असा सल्ला सगळे देतात, आणि तो बरोबरच आहे. मला त्यापुढे म्हणायचं आहे की मोठ्यांनी आपला स्वतःचा खेळ मुलांदेखत खेळावा. मुलांना रमवण्यासाठी नव्हे, आपण रमण्यासाठी. रमलेलं माणूस जवळून बघायला मिळणं ही लहान मुलाला फार मोठी गोष्ट मिळणं आहे, आणि ती बाजारात मिळत नाही.

मनातल्या मनात खोका उतरवून बघा.

चिकटपट्टी निघते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले रूळ जमिनीवर जोडले जातात. थोरली दुपटं खांद्यावर टाकून येते, थोडी लांब उकिडवी बसते. इंजिन ठेवलं, वीज सुरू केली, इंजिन एकदा हुंकारलं आणि थांबलं. साहजिक आहे. या इंजिनाला वीज रुळांतून मिळते, चाकांवाटे मोटरपर्यंत जाते, आणि कित्येक महिने पडून राहिलेल्या रुळांवर काळसर थर धरलेला असतो. बाबा सुती फडक्यावर स्पिरिटचे दोन थेंब घेऊन रूळ पुसतो. फडक्यावर काळी रेघ उमटते. मग तो इंजिन उलटं करतो. चाकाच्या आसाला एक बारीक केस आणि दुपट्याचा पांढरा तंतू गुंडाळलेला असतो. चिमट्याने तो तंतू ओढताना त्याचा श्वास रोखलेला असतो. मुलीचाही.

‘बाबा, मी धरू?’

इथे क्षणभर थांबून उत्तर काय येतं ते ऐका. ‘नको, तुटेल’ येतं का? येईलच, कारण इंजिन महागाचं आहे. मग तिला दोन्ही हातांची ओंजळ करायला सांगा आणि इंजिन त्यात उलटं ठेवा. चार वर्षांच्या हाताला जड वस्तू जपून धरता येते, धरायला दिली तर. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. त्या कामातून आपल्याकडे हेच रुजलं की मुलाच्या हाताला आसपासच्या खऱ्या वस्तू आणि खरं काम मिळालं पाहिजे. गाडी पुन्हा रुळावर ठेवायचं काम तिचं. चाकाची कड रुळाच्या आत बसायला हवी, ती बोटाने जाणवते. पहिल्यांदा बसणार नाही. बसवून देण्याची घाई करू नका.

इथे डोळे पूर्ण उघडे ठेवून करायचा एक विचार आहे. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं, असं मानायचं. आपला २ सेंटिमीटरचा हमाल त्यात सहज मावतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, पण तो नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना लागू आहे. मोठ्यांच्या हौसेच्या वस्तू त्यात येत नाहीत, म्हणून त्यांची जबाबदारी पूर्णपणे आपली. रिमोटमधला बटणासारखा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. लोहचुंबकाचे दोन तुकडे पोटात गेले तर आतडं मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. असं काही झाल्याची नुसती शंका आली तरी मुलाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावं. बाळ पालथं पडून सरकायला लागलं की जमिनीवरचा खेळ टेबलावर जातो. खेळ संपल्यावर बारीक वस्तू मोजून डब्यात जातात, आणि मोजणीचं काम थोरलीला द्यावं. ताईपणाचं हे काम ती आनंदाने करते, कारण यात तिला गप्प बसवलेलं नसतं.

आता सगळं सोडून पुन्हा श्वासाकडे या. बाळ चुळबुळ करत असेल. उठायची वेळ जवळ आली आहे. उठण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझा खेळ कोणता होता आणि तो आत्ता नेमका कुठे ठेवलेला आहे? कोणता कप्पा, कोणता खोका, कोणत्या पलंगाखाली. उत्तर लगेच आलं नाही तर उद्या दुपारी पुन्हा बसा.

ते आलं, की येत्या रविवारी स्टूल घ्या आणि वस्तू खाली काढा. रोज जमणार नाही, आठवड्यातून अर्धा तास पुरेसा आहे. त्या अर्ध्या तासात बाळ दुसऱ्याच्या मांडीवर राहील, हे घरात आधी बोलून ठरवा. आणि घरात दोन खोके असतील तर पहिला अर्धा तास आईचा.