शीलाची पारख

हायस्कूल सोडताना विद्यार्थ्याला जो दाखला मिळतो, त्यात जन्मतारीख आणि अभ्यासातील प्रगती यांच्या पंक्तीला 'वर्तणूक' असाही एक रकाना असतो, आणि दफ्तरातला कारकून बहुधा सर्वांच्याच नावापुढे तेथे 'चांगली' एवढाच शेरा लिहून मोकळा होतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या अंतःकरणाविषयी याहून अधिक काही सांगण्याचा अधिकार शाळेला आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या पुराव्यावर, हा प्रश्न मला मूलतः धर्मविचाराचा वाटतो. कारण दुसऱ्याच्या शीलाचा निर्णय करणे म्हणजे जे दृष्टीआड आहे त्याविषयी साक्ष देणे होय.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील सत्यकाम जाबालाची कथा सर्वश्रुत आहे. गोत्र विचारले असता, ते आईलाही ठाऊक नाही हे त्याने निःसंकोच सांगितले, आणि जेथे असत्य सोयीचे होते तेथे सत्य बोलणाऱ्या त्या मुलाला हारिद्रुमत गौतमांनी तत्काळ पदरी घेतले. परंतु मला त्यापुढील भाग अधिक अर्थपूर्ण वाटतो. गुरूंनी त्याच्या स्वाधीन केल्या त्या गोठ्यातल्या निवडक धष्टपुष्ट गाई नव्हेत, तर कृश आणि दुर्बळ अशा चारशे. आणि त्यांच्या सहस्र झाल्यावाचून परतणार नाही, हा निश्चय त्या मुलाचा स्वतःचा होता. दुबळ्यांचा सांभाळ सोपविल्यावर जो आपली मर्यादा आपणच वाढवून घेतो, त्याच्या ठायी पुढारीपणाचे बीज आहे असे मी निःशंक म्हणेन. स्नेहसंमेलनातील वक्तृत्वावरून ते ओळखू येत नाही.

तथापि हाच सत्यकाम पुढे आचार्य झाल्यावर काय घडले? उपकोसल नावाच्या त्याच्या शिष्याने बारा वर्षे अग्नींची सेवा केली. इतरांचे समावर्तन, म्हणजे शिक्षण संपवून घरी परतण्याचा संस्कार, झाले, याचे मात्र झाले नाही. आचार्यांच्या पत्नीने रदबदली केली तरी ते त्याला न शिकविताच प्रवासाला निघून गेले, आणि दुःखाने अन्न सोडलेल्या त्या मुलाला अखेर अग्नींनीच उपदेश केला. ज्याची पारख एका क्षणात झाली होती, त्याच्याच घरी एका शिष्याची योग्यता प्रथम जाणली ती घरच्या गृहिणीने आणि ज्यांची तो नित्य सेवा करीत होता त्या अग्नींनी. उपनिषत्कारांनी हे दोन प्रसंग एकाच अध्यायात ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करीत आणि एका पंगतीला जेवत. तेथे मुलगा कसा आहे हे कळण्यास परीक्षकाची गरजच नव्हती. चुलीपाशी धुरात कोण बसतो आणि भाकरी कमी पडली तर शेवटी कोण वाढून घेतो, हे सोबत राबणाऱ्यांना दिसल्यावाचून कसे राहील?

तेव्हा वर्गप्रमुखाची नेमणूक करताना किंवा शिफारसपत्र लिहिताना मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या मताबरोबर शाळेच्या शिपायाचे, वसतिगृहातील स्वयंपाकिणीचे आणि पाचवी-सहावीतील लहान मुलांचेही मत घ्यावे, असे मी कळकळीने सुचवितो. कारण ज्यांच्याकडून बक्षीस मिळण्याची आशा नाही, त्यांच्यासमोर कोणताही मुलगा मुद्दाम चांगला वागून दाखवीत नाही.